बाबांसाठी चालू ठेवलेला सर्व्हर

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, पुढे शिव्याही आहेत. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर मध्ये मध्ये बोलतोस. पत्रात तुला तोंड घालता येत नाही, म्हणून हे. इकडे सगळे खुशाल. तिकडेही असणारच, शाळेत पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला कसला घोर. छोटीचा पुढचा दात पडला का ते कळव.

ऑफिसात नवा पाहुणा आलाय. काळा, बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा, आत चार डिस्क, समोर चार हिरवे दिवे. त्याचं नाव आहे नेटवर्क स्टोरेज, पण आम्ही 'डबा'च म्हणतो. जुना सर्व्हर तुला आठवत असेल, कपाटामागे दम्याच्या पेशंटसारखा घरघरत बसलेला. वर्षभर तो अधूनमधून मान टाकायचा. सगळ्यांची ड्रॉइंगं त्याच्यावर, त्यामुळे तो गेला की अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून चहा पीत बसायचं. शेवटी तारकाकांना बोलावलं. कॉम्प्युटरच्या तारा ओढतात म्हणून तारकाका; खरं नाव त्यांच्या बायकोला माहीत असेल. ते म्हणाले, "ताई, सर्व्हर राहू दे, त्याच्या शेजारी हे बसवू. सगळ्यांच्या फायली यावर आणू. एखादी डिस्क मेली तरी उरलेल्या तिचं सांभाळून घेतात."

मी म्हटलं, "एकत्र कुटुंबासारखं."

ते म्हणाले, "नाही ताई, खरंच सांभाळतात."

मग ते टेबलांखाली रांगले, आमच्या चपला इकडच्या तिकडे केल्या, आणि तारा जोडून झाल्यावर परवानग्यांचं काम निघालं. कुणी कोणता फोल्डर उघडायचा, कुणी नुसता बघायचा, कुणी बदलायचा. ते एकेकाचं नाव घेत होते, मी सांगत होते. ड्रॉइंगं काढणाऱ्या पोरांना त्यांच्या त्यांच्या कामांचं, हिशेबवाल्या बाईंना हिशेबाचं, मला सगळं.

"आणि मोठे साहेब?" त्यांनी विचारलं.

तुला मी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी बाबांनी एका बंगल्याचं जुनं ड्रॉइंग उघडलं आणि नव्यावर सेव्ह केलं. साइटवर कॉलम उभा राहिला तो थेट दिवाणखान्याच्या दारात. तो फोडत होते तेव्हा मालक खुर्ची टाकून बघत बसला होता, मला शेजारी उभं करून. बाबा म्हणाले, "मी हातच लावला नाही." पुढे आणखी एकदा तसंच झालं. विसरतात, आणि विसरलो हेही विसरतात. डोकं मात्र चालतं. कोरा कागद दिलास तर अजून तुझ्या-माझ्यापेक्षा वेगानं चालतं. पण ऑफिसात कोरे कागद थोडेच असतात.

तारकाका म्हणाले, "साहेबांना फक्त बघायची परवानगी ठेवू. उघडतील, वाचतील, बदलता येणार नाही."

"त्यांना कळेल?"

"सेव्ह करायला गेले की मशीनच सांगेल. तुम्हाला परवानगी नाही, असं."

ज्या ऑफिसाच्या दारावर त्यांचं नाव आहे, तिथे. म्हणून मी दुसरा मार्ग काढला. बाबांचा कॉम्प्युटर आहे तसाच जुन्या सर्व्हरला जोडलेला ठेवला. त्यांच्या पडद्यावर काहीही बदललं नाही. तेच फोल्डर, तीच नावं, 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'हेच अंतिम'. बाकी आम्ही सगळे डब्यावर गेलो. आता बाबा सर्व्हरवर काय हवा तो गोंधळ घालू देत, कुणाच्या घराच्या दारात कॉलम येणार नाही. रोज पहाटे त्यांचं काम आपोआप डब्यात उतरतं, एका फोल्डरात. तो फक्त मला दिसतो. सर्व्हर मेलाच तर त्यांची मेहनत जायला नको. एवढी काळजी घेतली आहे, हे ध्यानात ठेव.

तारकाका जाताना हळूच म्हणाले, "ताई, हे काही बरं दिसत नाही." मी म्हटलं, तारा दिसत नाहीत ना बाहेर, मग झालं.

बाबा मजेत आहेत. एका डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह आलंय, अडनिडा प्लॉट, दोन मजले. बाईंनी मला आधीच बजावलंय, "तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण काम तुम्ही स्वतः करा." तेव्हा खरं काम आमचं डब्यावर चाललंय आणि बाबा तेच काम सर्व्हरवर करताहेत. लहान मुलाला गाडीत पुढे बसवून खेळण्यातलं स्टिअरिंग हातात देतात ना, तसं. फोनवर त्यांना "प्रसूतिगृह कुठवर आलं?" असं विचारत जा. खुलतात.

तुझ्या बायकोला आठवण सांग. छोटीला पापा.

तुझी,
ताई


२३ जून

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या शाईतून चालून गेल्यासारखं. पोरांना तू काय शिकवत असशील देव जाणे.

विचारतोस, बाबांचा आवाज फोनवर असा का येतो. तब्येतीला काही झालेलं नाही. जेवण थोडं कमी झालंय, काम जास्त. या वयात काम असणं चांगलंच.

झालं असं की मार्चमध्ये ते माझ्या केबिनच्या दाराशी येऊन म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचं काहीच कसं येत नाही? नकाशा पाठवला ना तू?" मी म्हटलं, पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते त्यांना फोनच करायला निघाले. मग मला डॉक्टरीणबाईंच्या नावानं एक ई-मेल पत्ता उघडावा लागला. लागला म्हणजे उघडला. पहिलं पत्र अगदी साधं होतं: आराखडा आवडला, बाळंतिणींच्या खोलीत सकाळचं ऊन आलं तर बरं. बाबा छापील कागद हातात नाचवत बाहेर आले. "बाईंना कळतं बरं का." दोन दिवसांत त्यांनी सगळ्या खोल्या फिरवून ऊन आत आणलं.

तेवढ्यावर थांबता आलं असतं.

तुला तो लाल पेन्सिलीचा काळ आठवतो का? तू लवकर सुटलास. मी कॉलेजातून यायची, त्यांच्या टेबलावर ड्रॉइंग पसरायची, आणि ते न बोलता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायचे. खाली दोन शब्द, 'पुन्हा काढ'. काय चुकलं असं विचारलं की म्हणायचे, "ते कळलं असतं तर चुकलंच नसतं." आई म्हणायची, तुझ्या भल्यासाठी आहे. तू एका फुलीनंतर कागद टरकावून निघून गेलास आणि सगळ्यांनी तुला मानी म्हटलं. मी राहिले, तर मला कुणी काहीच म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये मी डॉक्टरीणबाईंच्या नावानं लिहिलं: "जिना जागा खातो आहे. पुन्हा काढा."

त्यांनी काढला. मी लिहिलं, "पुन्हा काढा." त्यांनी काढला. काय चुकतंय असं त्यांनी अदबीनं विचारलं तेव्हा मी त्यांचंच वाक्य त्यांना पाठवलं, फक्त अहो-जाहो करून. वाचताना ते मला काचेतून दिसत होते. मग चष्मा पुसला आणि नवी फाइल उघडली.

ऑफिसातल्या पोरांना ठाऊक आहे. न कळायला ती काही दुधखुळी नाहीत. बाबा कपात चहा घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम फार कडक आहेत रे," तेव्हा पोरं पडद्यामागे माना खाली घालतात. बाईंचा पुढचा शेरा काय येणार यावर त्यांच्यात पैजा लागतात. मी एकदा दटावलं. त्यानंतर ती हळू हसायला लागली. हिशेबवाल्या बाई एकट्या हसत नाहीत. पण त्या कशालाच हसत नाहीत.

परवा बाबा माझ्याकडे आले. दारावर टकटक केली. त्यांनी माझ्या दारावर कधी टकटक केली आहे? हातात कागदांची गुंडाळी. म्हणाले, "वेळ असेल तर जरा बघतेस का? मला बसवताच येत नाहीये हा जिना. कुठं चुकतंय तेच सापडत नाही."

सगळा जन्म हे वाक्य ऐकायला मी त्या ऑफिसात बसले होते, असं म्हटलं तरी चालेल. मी कागद पसरला. बोट इकडून तिकडे फिरवून तपासल्यासारखं केलं. म्हटलं, "बाबा, मॅडमचं बरोबर आहे. हा विचारच आता जुना झाला."

"असेल," ते म्हणाले. कागद गुंडाळायला लागले, तो नीट गुंडाळला जाईना. दाराशी वळून म्हणाले, "कशी बाई आहे ही. तू हिच्याशी कसं निभावतेस? तुला फार बोलत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही, माझ्याशी बरी वागते."

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. म्हणून लिहीत नाही.

तुझ्याकडे त्यांनी तक्रार केलीच, तर एवढंच सांग की क्लायंट म्हणते तसं करा. तुझं ते ऐकतात. आणि साइटवर जायचं खूळ डोक्यात आलं असेल तर काढून टाक. मी त्यांना सांगितलंय की अजून बांधकामाची परवानगी आलेली नाही.

छोटीला नवीन दात येताना हिरड्या खाजतात, तिला गाजर दे.

तुझी,
ताई


१८ नोव्हेंबर

धाकट्या,

बाबा तुझ्याकडे पोचले, हे कळवलंस ते बरं केलंस. मी शोधत नव्हते. बॅग नव्हती आणि तुझ्या छोटीसाठी घेतलेला रंगांचा डबा नव्हता, म्हणजे कुठे गेले ते उघड होतं.

लिहितोस की ते काही सांगत नाहीत. छोटीनं कागद पुढे केला, घर काढून द्या म्हणाली, तर त्यांनी पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली. आणि तू मला विचारतोस, "ताई, तिथे झालं तरी काय?" मग घे. पण एक आधी सांगते. जुलैत तुझ्याशी फोनवर बोलून ते ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "धाकटासुद्धा म्हणतो, क्लायंट म्हणते तसं करा." त्या दिवशी त्यांनी तो जिना मुळापासून पुन्हा काढला. तुला माहीत नव्हतं, मान्य. पण हात तुझाही लागलाय, धुताना लक्षात ठेव.

परवानगी मेमध्येच आली होती. पाया तेव्हाच भरला. आता दुसरा स्लॅबही पडलाय, गिलावा चालू आहे.

गेल्या सोमवारी बाबा ऑफिसात आलेच नाहीत. वाटलं, दमले असतील. ते रिक्षा करून प्लॉटवर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी (म्हणजे मी) लिहिलं होतं की जिन्याची सुरुवात रस्त्याच्या उतारात येते, हे तुम्हाला कसं दिसलं नाही. म्हणून उतार मोजायला गेले, खिशात टेप घेऊन. हे मला मुकादमानं सांगितलं. तो बाबांना माझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो. तो धावत पुढे आला, "साहेब, बरं झालं आलात, कधीचे आला नाहीत." बाबांनी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "आपलंच प्रसूतिगृह की." बाबा म्हणाले, "हो, हो. आपलंच." मुकादमाला काही वेगळं वाटलं नाही. त्यानं हौसेनं ड्रॉइंगं पसरली. खाली माझी सही. बाबांनी सगळी नीट पाहिली, उलटी घडी सुलट केली, आणि म्हणाले, "जिना बघू."

आता ते सांगायला हवं, जे मी दोन्ही पत्रांत सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये माझाच जिना बसत नव्हता. त्या अडनिड्या प्लॉटमध्ये जिना मधोमध येत होता आणि अख्खी इमारत दोन खोपटांसारखी तुटत होती. मी आणि पोरं महिनाभर डोकं फोडत होतो. डॉक्टरीणबाई, खऱ्या, रोज फोन करून विचारायच्या. एका सकाळी मी डब्यातला तो फोल्डर उघडला, माझ्याशिवाय कुणाला न दिसणारा. बाबांनी जिना उचलून मागच्या कोपऱ्यात नेला होता. पायऱ्या बुटक्या, दिवस भरलेल्या बाईला चढता येतील अशा. जिना वळतो तिथे एरवी असते त्यापेक्षा रुंद जागा सोडलेली, भिंतीतच एक ओटा, ओट्यावर खिडकी. म्हणजे धाप लागली की तिथे टेकायचं, आणि मागून येणाऱ्याला वाट द्यायला उठावं लागणार नाही. त्यांना तो आदल्या दिवशी जेवणाआधी सुचला असावा, कारण जेवणानंतर ते नेहमीसारखे खुर्चीत झोपले होते.

मी तो माझ्या ड्रॉइंगवर उचलून ठेवला. जराही हलवावा लागला नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हे फक्त बाईलाच सुचू शकतं."

मी म्हटलं, "हो."

आणि त्याच दुपारी मी बाबांना ते पहिलं 'पुन्हा काढा' लिहिलं. तो जिना मनासारखा झाला म्हणून ते ऑफिसभर दाखवत फिरले असते, आणि पोरांनी ओळखला असता. हे एक कारण. दुसरं तुला कळेल, तू त्याच घरात वाढलास.

मुकादम सांगत होता, बाबा तो जिना वरपर्यंत चढले. सावकाश, एकेका पायरीवर टेप लावून. वळणावरच्या ओट्यावर बसले. तो म्हणाला, साहेब पाणी देऊ का, तर म्हणाले नको. मग खिडकीच्या कठड्याला हात लावून पाहिला, खाली आले, मुकादमाच्या खांद्यावर थाप मारली, "काम चांगलं उतरलंय," म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे माझ्या पत्त्यावर त्यांचा मेल आला. जसाच्या तसा उतरवते.

"महोदया, आज जागेवर जाऊन आलो. जिना चढून पाहिला. पायरी ड्रॉइंगप्रमाणे आहे. वळणावरच्या खिडकीचा कठडा मात्र ओट्यामुळे बुटका पडतो. बाळंतिणीसोबत लहान मुलं येतात, ती ओट्यावर चढून ओणवतील. तो हातभर वाढवून घ्यावा. एवढे महिने तुमचे शेरे वाचताना मला माझ्या मुलीची काळजी वाटत असे, की तिला अशा व्यक्तीबरोबर रोज काम करावं लागतं. ती काळजी आता मिटली. यापुढे सूचना पाठवण्याची तसदी घेऊ नये."

मी तो वाचला तेव्हा बाबा घरी, पलीकडच्या खोलीत होते. कपाटाचा आवाज येत होता. मी उठून गेले नाही. सकाळी बॅग नव्हती.

कठडा दुसऱ्याच दिवशी वाढवायला सांगितला. मुकादम म्हणाला, ताई, लावलेला दगड काढावा लागेल. मी म्हटलं, काढ. बाबा जे सांगतात ते मी करतेच, तुझ्यासारखी नाही.

आता तुझी मागणी. "एकदा ये, त्यांच्यासमोर बस, एवढंच म्हण की जिना तुमचा आहे." धाकट्या, ते त्यांना ठाऊक आहे. मी येऊन म्हणायचं ते कुणासाठी? तुझ्या घरात शांतता नांदावी म्हणून? तुझ्या बायकोनं म्हणावं म्हणून, की बघा, शेवटी रक्ताचं माणूस आलं? मी येणार नाही. पुढच्या महिन्यात प्रसूतिगृहाचं उद्घाटन आहे. डॉक्टरीणबाई दोन शब्द बोलणार आहेत जिन्याबद्दल, मीही बोलणार आहे. काय बोलायचं ते मी लिहून काढलंय, आणि त्यात बाबांचं नाव घालून पाहिलं, ते कुठेच बसलं नाही.

त्यांना परत पाठवू नकोस. त्यांचं टेबल मी नव्या इंजिनिअर मुलीला दिलंय. ती हुशार आहे, पण तिची ड्रॉइंगं फार भरभर होतात. काल मी तिला एक परत केलं.

जुना सर्व्हर बंद केला. तारकाका म्हणाले, "आता याची गरज कुणाला?" त्यांनी बटण माझ्याकडूनच दाबून घेतलं, स्वतः हात लावला नाही. डिस्क पुसून टाकायला सांगितली. डब्यातला बाबांचा फोल्डर मात्र मी ठेवलाय. मी नाकारलेले सगळे जिने त्यात आहेत, एकाहून एक. रविवारी एकटी ऑफिसात बसून सगळे पाहिले. दोन-तीन तर इतके चांगले आहेत की वाया घालवणं पाप होईल. पुढच्या वर्षी एक शाळा येतेय हातात, तिथे एक नक्की बसेल.

तू हे पत्र त्यांना दाखवशील की नाही, ते तुझं तू बघ. नाही दाखवलंस तर तुझ्याही घरात एक फोल्डर तयार होईल, फक्त तुला दिसणारा. त्याची सवय होते.

बाबांना नमस्कार सांगू नकोस.

ताई